किरणांना पुरून उरणारा जीवाणु

इसवी सन १९५६ हें साल आपल्या देशाच्या वैज्ञानिक इतिहासांत संस्मरणीय ठरलें आहे. त्या वर्षीं ऑगस्टच्या ४ तारखेस मुंबईनजीक ट्रॉम्बे येथें 'अप्सरा' ही अणुभट्टी प्रथम सुरू झाली. सोव्हिएट संघ वगळला, तर आशिया खंडांतील ती पहिलीच. अणूच्या पोटांतील शक्ति आतां मनुष्याच्या हातीं आली, ती रोग बरे करील, धान्य टिकवील, वीज देईल, अशी आशा त्या काळीं होती. नेमक्या त्याच वर्षीं सातासमुद्रांपलीकडे, अमेरिकेच्या ऑरेगन राज्यांतील कॉर्व्हॅलिस येथें, ह्या नव्या शक्तीला एका यःकश्चित् जीवानें दाद दिली नाहीं. तेथील कृषिसंशोधन केंद्रांत आर्थर अँडरसन व त्यांचे सहकारी मांसाचे बंद डबे गॅमा किरणांनीं निर्जंतुक करतां येतात कीं काय, ह्याची परीक्षा पाहत होते. एकही जंतु जिवंत उरूं नये, अशा अपेक्षेनें डब्यांना भरपूर किरण देण्यांत आले होते. तरीही मांस नासलें. शोध घेतां आंत तांबूस गुलाबी रंगाचे, दोन-दोन चार-चारांच्या जुडग्यांनीं राहणारे गोल जंतु सुखानें वाढलेले आढळले.

ह्या जंतूची कथा मीं आजच्या भाषणासाठीं निवडली, ती केवळ सृष्टींतील एक चमत्कार म्हणून नव्हे. दवाखान्यांतील सुई, मसाल्याची पुडी, परदेशीं जाणारा हापूस आणि आमच्या लोणंदच्या बाजारांतील कांदा, ह्या सर्वांशीं ह्या विषयाचा संबंध पोंचतो. किरणांनीं काय मरतें, काय मरत नाहीं, आणि जें मरत नाहीं तें कां मरत नाहीं, हें ठाऊक नसलें म्हणजे कोणी ह्या किरणांना भितो, तर कोणी त्यांच्याकडून भलतीच अपेक्षा करतो. दोहोंपासून नुकसानच होतें.

प्रथम हे किरण म्हणजे काय, तें पाहूं. सूर्याचा प्रकाश आपल्या अंगावर पडतो तेव्हां तो आपल्याला ऊब देतो. क्ष-किरण आणि गॅमा किरण हे प्रकाशाच्याच जातीचे. परंतु त्यांचा एकेक कण इतका जोरदार असतो, कीं तो ज्या पदार्थांत शिरतो त्यांतील अणूंचे इलेक्ट्रॉन उडवून लावतो. इलेक्ट्रॉन गमावलेला अणु विद्युद्भारित होतो. त्यास 'आयन' म्हणतात, व म्हणून ह्या किरणांस आयनकारी किरण हें नांव पडलें आहे. ते मोजण्याचें माप 'ग्रे' हें होय. एक किलोग्रॅम वजनाच्या पदार्थांत एक ज्यूल ऊर्जा जिरली, म्हणजे त्या पदार्थाला एक ग्रे मात्रा मिळाली असें समजावयाचें.

हें माप किती अल्प आहे, तें उदाहरणानें ध्यानांत येईल. मनुष्याच्या सर्व शरीरावर एकदम चार-पांच ग्रे मात्रा पडली आणि योग्य उपचार झाले नाहींत, तर अशा माणसांपैकीं सुमारें निम्मीं दगावतात. ह्या पांच ग्रेनें शरीर तापतें किती? एका अंशाच्या सुमारें हजाराव्या भागाइतकें. चहाच्या एका घोटाबरोबर ह्याहून अधिक उष्णता आपण नित्य पोटांत घेतों. तेव्हां हे किरण जिवाला भाजून मारीत नाहींत, हें उघड आहे. ते मारतात तें मोजकेच पण वर्मीं घाव घालून.

प्राण्याचें असो, झाडाचें असो वा जंतूचें असो, प्रत्येक पेशींत डीएनए नांवाचा एक अतिसूक्ष्म, दुपदरी, लांबलचक धागा असतो. त्या पेशीनें काय घडवावें, केव्हां घडवावें, आपल्यासारखी दुसरी पेशी कशी निर्माण करावी, ह्याचा सारा मजकूर ह्या धाग्यावर चार अक्षरांच्या लिपींत लिहिलेला आहे. किरण कधीं थेट ह्या धाग्यावर आदळतो. पण बहुधा तो पेशींतील पाण्यावर आदळतो व पाण्याचे अत्यंत तापट तुकडे निर्माण करतो. ते जवळ जें सांपडेल त्याला डसतात. धाग्याचा एकच पदर तुटला तर फारसें बिघडत नाहीं, कारण समोरच्या पदरावरून तो मजकूर पुन्हां लिहून काढतां येतो. पण एकाच जागीं दोन्ही पदर तुटले म्हणजे धाग्याचे दोन तुकडे होतात, आणि कोणतें टोंक कोणाला जोडावयाचें, हें सांगणारें जवळ कांहीं उरत नाहीं. असे थोडेसेच घाव बसले तरी सामान्य जंतूचा कारभार आटोपतो.

आतां निरनिराळ्या जिवांना मारावयास किती मात्रा लागते, त्याची एक शिडी मनासमोर उभी करूं. आपल्या महाराष्ट्रांतच तिच्या बहुतेक पायऱ्या पाहावयास मिळतात. तळाशीं चार-पांच ग्रेवर मनुष्य. त्याच्या वर कांदा. नाशिक जिल्ह्यांत लासलगांव येथें २००२ सालीं भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रानें 'कृषक' नांवाचें किरणप्रक्रिया केंद्र सुरू झालें. तेथें कोबाल्ट-६० ह्या धातूपासून निघणारे गॅमा किरण कांद्याला साठ ते नव्वद ग्रेच्या सुमारास देतात. तेवढ्यानें कांद्याच्या गाभ्यांतील कोंवळ्या कोंबाची वाढण्याची शक्ति खुंटते आणि कांद्याला मोड येत नाहीं. त्याहून वरच्या पायरीवर कीटक. २००७ सालापासून आपला हापूस अमेरिकेस जाऊं लागला, तो ह्याच केंद्रांत चारशे ग्रे मात्रा घेऊन. त्यानें कोयींत दडलेल्या किड्याची व फळमाशीची प्रजा वाढूं शकत नाहीं. त्याच्याही वर जंतु. आपल्या आंतड्यांत राहणारा 'ई. कोलाय' हा सामान्य जंतु घेतला, तर दर दोन-तीनशे ग्रेला त्याची संख्या एक-दशांशावर येते. म्हणून मसाल्यांतील जंतूंची संख्या पुरेशी घटविण्यासाठीं वाशी येथें २००० सालीं जो प्रकल्प सुरू झाला, तेथें मसाल्यांना सहा ते चौदा हजार ग्रे द्यावे लागतात. आणि ट्रॉम्बेच्या 'आयसोमेड' ह्या १९७४ सालच्या प्रकल्पांत शस्त्रक्रियेचें साहित्य, सुया, पट्ट्या, ह्यांचे बंद पुडे पूर्ण निर्जंतुक करावयाचे म्हणून तेथें मात्रा ठरली ती पंचवीस हजार ग्रेची.

ह्या शिडीवरून कांद्याच्या व्यापाऱ्यानें व गृहिणीनें घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. आमच्याकडे कित्येकांची अशी समजूत दिसते, कीं एकदां कांद्यावर किरण सोडले म्हणजे तो ना मोडवेल, ना सडेल. हें खरें नाहीं. कांद्याचा कोंब थोपवावयास नव्वद ग्रे पुरे होतात. पण सड उत्पन्न करणाऱ्या जंतूंना व बुरशीला तेवढी मात्रा म्हणजे कांहींच नव्हे. ओला, खरचटलेला, नीट न सुकविलेला कांदा किरण देऊनही सडेलच. चाळींत हवा खेळती असावी, कांदा वाळवून व निवडून भरावा, हा आपल्या वडिलांचा नियम अणुशक्तीनें रद्द झालेला नाहीं. दुसरी समजूत अशी, कीं किरण दिलेला कांदा स्वतःच किरण फेंकूं लागतो. हीही खरी नाहीं. कोबाल्ट-६० चे गॅमा किरण अणूच्या गाभ्याला उत्तेजित करून पदार्थाला किरणोत्सारी बनवूं शकत नाहींत. त्यांच्यांत तितका जोरच नसतो. दिवा मालवला म्हणजे भिंतीवर उजेड उरत नाहीं, तसेंच हें आहे.

ह्या शिडीवर आपल्या तांबूस जंतूचें स्थान कोठें? त्याला पांच हजार ग्रे मात्रा दिली तरी जवळजवळ सारे जंतु जिवंत राहतात. पंधरा हजार ग्रे दिल्यावरही सुमारें तिसरा हिस्सा वांचतो. मनुष्याला मारणाऱ्या मात्रेच्या हजारपट मात्रा तो सहज पचवितो. प्रारंभीं त्याला मायक्रोकॉकस वंशांत घातलें होतें. पुढें १९८१ सालीं त्याचा स्वतंत्र वंश मानून 'डायनोकॉकस रेडिओड्युरन्स' हें नांव निश्चित करण्यांत आलें. ग्रीक भाषेंत 'डायनॉस' म्हणजे भयंकर किंवा विलक्षण आणि 'कॉकस' म्हणजे दाणा. उत्तरपदाचा अर्थ किरण सोसणारा. नांव भयंकर असलें तरी प्राणी निरुपद्रवी आहे. तो कोणताही रोग उत्पन्न करीत नाहीं. तो मातींत, धुळींत, जनावरांच्या शेणांत अधूनमधून सांपडतो. कांहीं जंतु संकटकाळीं कठीण कवचाचें बीजाणु बनवून त्यांत निद्रिस्त होतात. हा तसेंही करीत नाहीं. उघड्या अंगानें सारें सोसतो.

मग त्याच्या सामर्थ्याचें रहस्य काय? जो कोणी हा प्रश्न प्रथम ऐकतो, त्याच्या मनांत चिलखताची कल्पना येते. त्याची भिंत जाड असेल, त्याचा तांबडा रंग किरण अडवीत असेल, त्याचा डीएनएच कांहीं वेगळ्या मातीचा असेल. परंतु मोजमाप केल्यावर चिलखताची कल्पना टिकली नाहीं. समान मात्रेंत त्याच्या डीएनएवर घाव पडतात ते इतर जंतूंइतकेच. पांच हजार ग्रेनें त्याच्या धाग्याचे दोन्ही पदर दीडशे-दोनशे ठिकाणीं तुटतात. १९९९ सालीं त्याचा संपूर्ण मजकूर वाचून प्रसिद्ध करण्यांत आला. सुमारें तेहतीस लक्ष अक्षरांचा तो मजकूर चार कड्यांवर विभागलेला आहे. ह्या कड्यांच्या किरणांनंतर अक्षरशः चिंध्या होतात. इतर जंतु अशा स्थितींत मेलेलेच असतात. हा मात्र कांहीं तासांनीं पाहावा, तर सर्व चिंध्या सांधून कडीं पुन्हां पूर्ववत् झालेलीं असतात, आणि जंतु वाढूं लागलेला असतो. त्याचें सामर्थ्य न मोडण्यांत नाहीं. मोडल्यावर जुळून येण्यांत आहे.

हें जुळणें कसें घडतें, तें एका दाखल्यानें सांगतों. समजा, एकाच पोथीच्या पांच-सहा प्रती आहेत, आणि कोणी अविचारानें त्या सर्व प्रती फाडून त्यांचे तुकडे एकत्र टाकले. एकच प्रत असती तर कोणतें पान कोणत्या पानानंतर येतें, हें कळावयास मार्ग नव्हता. पण प्रत्येक प्रत निराळ्या ठिकाणीं फाटलेली आहे. एका प्रतींत जी ओळ मध्येंच तुटली, ती दुसऱ्या प्रतीच्या तुकड्यावर अखंड सांपडते. तेव्हां ज्या दोन तुकड्यांच्या शेवटचा व आरंभाचा मजकूर सारखा, ते एकमेकांवर ठेवावे, उणीव दुसऱ्यावरून लिहून काढावी, आणि असें करीत करीत सारी पोथी उभी करावी. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून महाभारताची चिकित्सित आवृत्ति सिद्ध केली, तीही अनेक हस्तलिखितें ताडून पाहूनच. ह्या जंतूच्या प्रत्येक पेशींत त्याच्या मजकुराच्या चारपासून दहापर्यंत प्रती असतात. किरणांनीं त्या निरनिराळ्या ठिकाणीं तुटतात. मग तुकड्याचें टोंक दुसऱ्या प्रतीच्या जुळणाऱ्या तुकड्यावर बसतें, त्यावरून नवा पदर लांबवून घेतलां जातो, अशा दोन लांबलेल्या तुकड्यांचे पदर एकमेकांस जुळतात, व अखेरीस मोठमोठे तुकडे सांधून कडीं पुरीं होतात. पॅरिस येथें मिरोस्लाव्ह रॅडमन, क्सेनिया झाहराडका व त्यांचे सहकारी ह्यांनीं २००६ सालीं ही क्रिया प्रयोगानें दाखवून दिली. ह्या दुरुस्तीच्या काळांत जंतु वाढ थांबवितो, आणि बिघडलेलीं अक्षरें पेशीबाहेर टाकून देतो. अर्धवट पोथीची नक्कल काढण्याची घाई तो करीत नाहीं.

परंतु येथेंही विचारवंतास एक शंका येते. अनेक प्रती इतर कित्येक जंतूंतही असतात. दुरुस्ती करणारीं प्रथिनें, म्हणजे जणूं पेशींतील कारागीर, हींही बहुतांशीं इतर जंतूंसारखींच ह्याच्या मजकुरांत आढळलीं. थोडींच त्याचीं स्वतःचीं अशीं निघालीं. मग त्याच हत्यारांनीं इतरांना जें साधत नाहीं, तें ह्याला कसें साधतें? ह्याचें उत्तर शोधण्याचें श्रेय मुख्यतः अमेरिकेंतील मायकेल डेली व त्यांचे सहकारी ह्यांस जातें. २००४ सालीं व त्यानंतर प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत त्यांनीं असें दाखविलें, कीं ह्या जंतूंत मँगनीज ह्या धातूचें प्रमाण लोहाच्या मानानें फार मोठें असतें. मँगनीज हें फॉस्फेट व प्रथिनांचे लहान तुकडे ह्यांच्या संगतीनें एक रक्षक मिश्रण बनवितें. किरणांनीं जे तापट रेणु निर्माण होतात त्यांस तें निकामी करतें. ह्या मिश्रणानें डीएनए वांचत नाहीं, तो तुटतोच. वांचतात तीं प्रथिनें. सामान्य जंतूंत किरणांनीं धागाही तुटतो आणि तो सांधणारे कारागीरही जायबंदी होतात. ह्याच्या घराच्या भिंती पडतात; पण गवंडी, सुतार व त्यांचीं हत्यारें शाबूत राहतात. आणि जोंवर ते शाबूत, तोंवर घर पुन्हां उभें राहण्याची आशा असते.

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांतही ह्या जंतूचा अभ्यास अनेक वर्षें चालत आला आहे. तेथील हरि मिश्र व त्यांचे सहकारी ह्यांनीं 'पीक्यूक्यू' ह्या संक्षिप्त नांवानें ओळखल्या जाणाऱ्या एका द्रव्याकडे लक्ष वेधलें. तेंही अशा तापट रेणूंना शांत करतें, असें त्यांनीं २००४ सालीं दाखविलें. एकूण काय, ह्या जंतूची तटबंदी एकाच दगडाची नाहीं. ती अनेक साधनांनीं मिळून झालेली आहे.

आतां ह्या कथेंतील सर्वांत गूढ प्रश्नाकडे वळूं. पृथ्वीवर पांच हजार ग्रे कोठें मिळतात? कोठेंच नाहीं. जमिनींतून व आकाशांतून आपणांस जे नैसर्गिक किरण मिळतात, ते वर्षाकांठीं एका ग्रेच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पट इतकेच. त्या हिशेबानें पांच हजार ग्रे जमावयास सुमारें वीस लक्ष वर्षें लागतील! ज्या संकटाशीं ह्या जंतूची पृथ्वीवर कधीं गांठच पडली नाहीं, त्याच्याशीं झुंजण्याची विद्या त्यानें शिकली कोठें? कित्येकांनीं त्याला परग्रहावरचा पाहुणा ठरवून हा प्रश्न सोडविला. पण त्याचें नातें पृथ्वीवरील इतर जंतूंशीं इतकें उघड आहे, कीं ही कल्पना टिकत नाहीं.

खरा उलगडा लुइझियाना येथील मॅटिमोर व बॅटिस्टा ह्यांच्या १९९६ सालच्या प्रयोगांनीं झाला. किरण सोसण्याची शक्ति ज्यांची नष्ट झाली आहे, असे ह्याच जंतूचे एक्केचाळीस बिघडलेले वाण त्यांनीं जमविले आणि त्यांना कोरडे ठेवून पाहिलें. ते सर्वच्या सर्व कोरडेपणालाही बळी पडले! तात्पर्य, किरण सोसण्याची विद्या आणि दुष्काळ सोसण्याची विद्या ह्या दोन नसून एकच आहेत. पाणी आटलें म्हणजे पेशींतील डीएनए तुटूं लागतो, प्रथिनें झिजतात, आणि पुन्हां ओलावा मिळेपर्यंत दुरुस्ती करतां येत नाहीं. ज्या जंतूला अशा कोरड्या महिन्यांतून वारंवार जावें लागलें, त्यानें सर्व तुकडे सांधण्याची व कारागीर जपण्याची कला साधली. पुढें मनुष्यानें गॅमा किरण निर्माण केले, तेव्हां ती आयती कामास आली. ह्याला पुढें पुष्टीही मिळाली. अमेरिकेच्या सोनोरा वाळवंटांतील मातींत किरण सोसणारे जंतु ओल्या जंगलांतील मातीपेक्षां कितीतरी अधिक सांपडले, आणि त्या वाळवंटांतून डायनोकॉकसच्या नऊ नव्या जातींचें वर्णन २००५ सालीं प्रसिद्ध झालें.

आमच्या बाजूच्या श्रोत्यांना हें मुद्दाम सांगावेंसें वाटतें. माण आणि खटाव हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत येतात. तेथें पावसाची वाट पाहणें ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी अजून घरोघर निघतात. डोळ्यांना जी माती भकास व निर्जीव दिसते, तिच्यांतही कोरडेपणाला तोंड देणारें जीवन असूं शकतें, आणि जगांतील मोठ्या शास्त्रज्ञांना ज्या प्रश्नाचें उत्तर हवें होतें तें अशाच रूक्ष भूमींत दडलेलें होतें, हा विचार मनाला उमेद देणारा आहे.

ह्या जंतूचा मनुष्यास उपयोग काय, असें कोणी विचारील. अणुउद्योगांतून निघणाऱ्या सांडपाण्यांत युरेनियमसारखे जड धातु असतात, आणि शिवाय किरणही असतात. सामान्य जंतूंना तेथें कामास लावावें तर ते मरून जातात. म्हणून ट्रॉम्बे येथें श्रीकुमार आपटे व त्यांचे सहकारी ह्यांनीं साल्मोनेला जातीच्या जंतूंतील एक जीन ह्या तांबूस जंतूंत बसविला. त्या जीनमुळें जंतु असें प्रथिन बनवितो, कीं जें फॉस्फेट मोकळें करतें. आणि फॉस्फेटशीं मिळून युरेनियम सांक्यासारखें खालीं बसतें. २००६ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें, कीं ह्या जंतूनें पातळ द्रावणांतील नव्वद टक्क्यांहून अधिक युरेनियम सहा तासांत खालीं बसविलें, आणि सहा हजार ग्रे मात्रा दिल्यावरही त्याची ही शक्ति अबाधित राहिली. त्याआधीं २००० सालीं अमेरिकेंत ह्याच जंतूला विषारी पाऱ्याच्या संयुगांवर कामास लावण्याचा प्रयोग झाला होता. दुसरा उपयोग लसीचा. रोगजंतूचा डीएनए किरणांनीं तोडावा म्हणजे तो वाढूं शकणार नाहीं, पण त्याच्या प्रथिनांचा आकार कायम ठेवावा म्हणजे शरीर त्याला ओळखावयास शिकेल, अशी लस हवी असते. २०१२ सालीं डेली ह्यांच्या मंडळीनें ह्या जंतूपासून शिकलेलें मँगनीजचें मिश्रण घालून नेमकें हेंच साधून दाखविलें. जंतूचें रहस्य प्रथिनें वांचविण्यांत आहे, ह्याचा ह्याहून चांगला पडताळा कोणता?

आतां एक भीति उरते. मांसाच्या डब्यांत हा उरला, तसा दवाखान्याच्या पुड्यांतही उरेल काय? त्याविषयीं निष्कारण घाबरूं नये. पंचवीस हजार ग्रेच्या मात्रेपुढें त्याचाही निभाव लागणें कठीण, आणि उरलाच तर तो रोग करणारा नाहीं. परंतु ह्या भीतींत एक सत्याचा अंश आहे, तो सांगितलाच पाहिजे. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांत साध्या ई. कोलाय जंतूंना किरण दिले, जे थोडे उरले त्यांना वाढविलें, पुन्हां किरण दिले, आणि असें वीस वेळां केलें. अखेरीस जी प्रजा तयार झाली, ती मूळच्या प्रजेपेक्षां हजारों पटींनीं अधिक संख्येनें किरणांतून वांचूं लागली. हें संशोधन २००९ सालीं प्रसिद्ध झालें. ह्याचा अर्थ असा, कीं किरणांची शक्ति अमोघ मानून गलिच्छपणाला मोकळीक देणें घातक आहे. माल आधीं स्वच्छ असावा, त्यावरील जंतु आधींच थोडे असावे, आणि मग ठरलेली मात्रा पुरेपूर द्यावी. अर्धवट मात्रेनें जें उरतें, तें बलवत्तर होतें. औषधाचा क्रम अर्ध्यावर सोडणाऱ्या रोग्याला वैद्य जें बजावतो, तेंच येथेंही लागू आहे.

तसेंच, ह्या जंतूची विद्या हस्तगत करून मनुष्यालाही किरणांपासून अभेद्य करतां येईल, अशी स्वप्नें कोणी रंगवूं नयेत. मनुष्याचें शरीर अब्जावधि पेशींचें, आणि त्यांतील प्रत्येकीचा मजकूर ह्या जंतूच्या मजकुराहून सुमारें हजारपट मोठा. क्ष-किरणांच्या खोलींत काम करणाऱ्यानें शिशाचें आवरण घालावें, कारणावांचून क्ष-किरणांचे फोटो काढूं नयेत, हे नियम जसेचे तसे पाळलेच पाहिजेत.

श्रोतेहो, मी शाळेंत मुलांना शिकवीत असे, तेव्हां बळकट कोण, असें विचारलें तर मुलें हत्ती, वाघ, लोखंड, दगड अशीं नांवें घेत. ह्या जंतूकडे पाहून ती व्याख्या बदलावीशी वाटते. ज्यावर घाव पडत नाहीं असें जगांत बहुधा कांहीं नाहीं. घाव पडल्यावर काय करावयाचें, ह्याची ज्याच्याजवळ आधींची तरतूद आहे, तो टिकतो. एका मजकुराच्या अनेक प्रती, जपून ठेवलेले कारागीर, बिघडलेलें काढून टाकण्याची शिस्त, आणि दुरुस्ती पुरी होईपर्यंत वाढीची घाई न करण्याचा संयम, एवढी ती तरतूद. ती ह्या जंतूला कोणी एका दिवसांत दिली नाहीं. असंख्य कोरड्या ऋतूंतून जातां जातां ती त्याच्या वंशांत मुरत गेली. ट्रॉम्बे येथील आपले शास्त्रज्ञ आज त्याच्याकडून ती शिकत आहेत. आणि आपल्या मुलांपैकीं कोणाला पुढें ह्या अभ्यासाची गोडी लागली, तर त्यांच्यासाठींही त्याच्याजवळ शिकविण्यासारखें अद्याप पुष्कळ शिल्लक आहे.